दहा मोजेपर्यंत

खांदे-गुडघ्यांचे व्यायाम करून घेणाऱ्या दवाखान्यात एक काका आणि एक बाई असे दोघं नंबराची वाट बघत माझ्यासमोर बसले होते. काकांनी शेजारच्या बाईंची जड पिशवी सहज उचलून वरच्या फळीवर ठेवली.

“अहो काका, तुमचा खांदा धरलाय ना?”

“धरला होता. सुटून महिना झाला.”

“मग रोज कशाला हेलपाटे घालता? घरीच करायचे व्यायाम.”

“करून बघितले. भिंतीसमोर उभा राहतो, हात वर नेतो, चार-पाच झाले की सोडून देतो. बघतंय कोण? इथे ती पोरगी कोपराखाली धरते, मोठ्यानं दहा मोजते. आठव्याला दम लागतो, पण दहावा झाला की अंग कसं मोकळं होतं. मध्येच विचारते, दुखतंय का काका?”

“घरी कोणी...”

“घरी टीव्ही आहे.”

“तिला सांगितलंत का, बरा झाला म्हणून?”

“सांगितलं की फाईल बंद करतात हो. हे बघा, हात पार कानाला लागतो आता.”

“खाली घ्या आधी! ती आलीय दारात.”

“चला काका. आज कसा आहे खांदा?”

“आज जरा जास्तच दुखतोय गं.”