पैलवाडीचा पहिला नंबर

हरी म्हणा, मंडळी! अंहं — मोठ्यानं! मागच्या रांगेतले नुसते ओठ हलवतायत, मला इथून दिसतंय!

तर आजचा प्रश्न असा. देश मोठा कोणता? खेळांच्या स्पर्धा होतात, जगभरचे देश येतात, पदकं वाटली जातात — मग पहिला नंबर द्यायचा कुणाला? ज्याला सोनं जास्त त्याला? की ज्याची एकूण पदकं जास्त त्याला? हसू नका! आज सकाळी तुमच्या स्टँडवरच्या हॉटेलात दोन सद्गृहस्थ याच प्रश्नावर एकमेकांची गचांडी धरायचे बाकी होते. एक म्हणे सोनं मोजा, दुसरा म्हणे बेरीज करा. आणि खुर्चीतून उठताना दोघांनाही टेबलाचा आधार लागत होता! पळालं कोण, घाम कुणाचा, आणि भांडतंय कोण! भास्करबुवा, पेटीचा सूर जरा धरून ठेवा. मंडळी, हाच प्रश्न एका राजाला पडला होता, त्याची गोष्ट ऐका.

प्रतापनेर नावाचा देश. राजाचं नाव प्रथमसेन! नावातच नंबर! या राजाला झोप कधी लागायची? शेजारचं मेघनगर आपल्या खाली आहे असं कळलं की! आपण किती वर आहोत याच्याशी घेणंदेणं नाही — शेजारी खाली पाहिजे! असे लोक फक्त गोष्टीत असतात, आपल्या आळीत नसतात, हो ना?

तर सर्व देशांच्या स्पर्धा झाल्या. प्रतापनेरची रीत अशी, की पदक आणणाऱ्यानं राजाकडे एक मागणं मागायचं आणि राजानं ते पुरवायचं. खेळाडू दरबारात आले. कुणी घोडा मागितला, कुणी वाडा मागितला. शेवटी आली म्हाळसा. नदीपलीकडच्या पैलवाडीची पोर. लांबच्या शर्यतीत तिसरी आलेली. गळ्यात कांस्यपदक.

"मला काय बी नको, महाराज," म्हाळसा म्हणाली. "आमच्या नदीवर पूल बांधून द्या. माझी बहीण गजरा — तिचं पहिलं बाळ काठावरच गेलं. पूर होता, नाव टाकता येईना, वैदूबाई अलीकडं आणि आम्ही पलीकडं. आता ती पुन्हा पोटुशी हाय. पूर यायच्या आत पूल पाहिजे."

राजानं पदक हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. "हे तर तांब्याचं दिसतंय! तांब्याचे हंडे आमच्या मुदपाकखान्यात ढिगानं पडलेत. पोरी, प्रतापनेर फक्त सोनं मोजतो! सोन्यात आपण मेघनगरच्या पुढे आहोत. तिसरी म्हणजे हरलेली. हरलेल्याला मागणं नसतं!"

झालं! पोर रिकाम्या हातानं परतली. जगातली तिसरी हं, मंडळी! सगळ्या पृथ्वीवर तिच्यापुढे फक्त दोन बाया — आणि हा सिंहासनावरून न उठणारा माणूस तिला हरलेली म्हणतो!

पण देवाघरी गंमत असते. चार दिवसांत जासूद आला. "महाराज, घात झाला! कुस्तीतला आपला विजेता लबाडी करताना सापडला. त्याचं सोनं काढून मेघनगरच्या पैलवानाला दिलं. आता सोन्यात ते पुढे!"

राजाचा चेहरा पडला. पण प्रधान कशाला असतात? प्रधानाचं नाव युक्तिधर. तो म्हणाला, "महाराज, सोन्याचा हव्यास हलक्या लोकांना! आपण सुसंस्कृत माणसं, आपण सगळी पदकं मोजतो. चांदी काय, तांबं काय, सगळी आपलीच लेकरं! आणि बेरीज केली तर आपण मेघनगरच्या एकानं पुढे."

"कुठल्या एकानं?"

"ती... पलीकडची पोर. तांब्याची."

अहो, मग काय विचारता! म्हाळसाला पालखी! म्हाळसाला हत्ती! कालपर्यंत हरलेली, आज देशाची शान! राजा म्हणाला, "पूल? एवढंच ना? दिला!" लगेच भूमिपूजन! नारळ फुटला, हार पडले, राजाच्या नावाची दगडी पाटी बसली. पूल कुठाय? पूल येईल हो सावकाश! पाटी महत्त्वाची!

म्हाळसा रोज त्या पाटीपाशी येऊन बसायची. गजराला सातवा लागलेला. पाणी चढायला लागलेलं.

इकडे मेघनगरच्या राजानं सगळ्या देशांना पत्र धाडलं. "प्रतापनेरची माणसं आमच्या दुप्पट. दुप्पट माणसांत एक पदक जास्त, यात कसलं कौतुक? माणशी किती पदकं पडतात ते काढा!" सगळ्या देशांना पटलं. ठरलं — नंबर आता माणशी हिशोबानं!

प्रथमसेन घाबरला. "युक्तिधर, आता पदकं कुठून वाढवू?"

"पदकं वाढत नाहीत, महाराज. माणसं कमी करता येतात."

"मारायची?!"

"छे छे! शिव शिव! वगळायची. नदी ही देवानंच आखलेली हद्द आहे. पलीकडच्या गावांत आपली निम्म्याहून जास्त प्रजा आहे, ती आपली नव्हेच. भागाकार एकदम सुंदर येतो!"

काय हो, हसताय काय? कागदावर माणूस वगळायला काय लागतं? एक रेघ! शिपाई नावेतून गेले, दवंडी पिटली — आजपासून पलीकडचं प्रत्येक गाव वेगळा परमुलूख, पैलवाडीसुद्धा! पुलाचं काम बंद, परमुलखात पूल कसा बांधणार? पाटी मात्र ठेवली. राजाचं नाव होतं ना तिच्यावर!

गजराची आई नुसती मटकन खाली बसली. "आगं, आपण कुणाचे मग?" म्हणाली. म्हाळसानं तिला धरून उठवलं.

आता जगाचा निकाल वाचला गेला. प्रथमसेन मिशांना तूप लावून बसलेला. पुकारणारा म्हणतो, "माणशी पदकांत पहिला देश — पैलवाडी!"

कोण? पैलवाडी! मूठभर माणसं, एक पदक — भागाकार करा की! युक्तिधर हिशोबात एवढा रमला की ज्या गावाला हाकललं, पदक त्याच गावचं होतं हेच विसरला! प्रतापनेर दुसरा. मेघनगर तिसरा. म्हणजे शेजारी खालीच होता हं! पण आता हे नवीन शेजारी वर बसलेले ना!

राजा तसाच उठला, लवाजमा घेऊन नदीवर आला. नदी फुगलेली. नावाडी म्हणाला, "पाण्याला ओढ हाय, महाराज. मी न्हाई जायाचा." मग काय, राजा काठावर उभा राहून ओरडतोय, "म्हाळसाबाई! या इकडे! तुम्हाला आम्ही आमची करून घेतो!"

पलीकडून आवाज आला, "आनि गाव?"

"गाव नको! गावानं भागाकार बिघडतो!"

म्हाळसा अशी संतापली! काठावरचा धोंडा उचलला होता तिनं, आईनं हात धरला म्हणून राजाचं कपाळ वाचलं. पण मग राग गिळून ओरडली, "पदक पाहिजे ना? घेऊन जा! पर पान्यात फेकनार न्हाई. चालत या आनि हातातनं न्या!"

चालत! बघा, ज्या पुलाचं मोजमापच संपत नव्हतं, त्याच्यावर दुसऱ्या दिवसापासून सगळ्या राज्याचे सुतार आणि पाथरवट! दगडी खांब, वर सागाच्या फळ्या. एका वेळी एकच माणूस जाईल एवढा अरुंद, पण पक्का. महिना भरायच्या आत तयार! नंबर अडला की कामं कशी होतात बघा!

राजा वाजतगाजत पलीकडे गेला. म्हाळसानं पदक काढून त्याच्या हातावर ठेवलं. रडली का? रडली! हसत हसत दिलं असं सांगणारे कीर्तनकार असतात, मी नाही. दगडधोंड्यातून अनवाणी पळून मिळवलेलं पदक, दुसऱ्याच्या देशाच्या नावावर लावायला दिलं.

राजा माघारी निघाला. पुढे ताशे, मागे राजा, पदक उंच धरलेलं! पुलाच्या मध्यावर आला — आणि पाठीमागून आरोळी, "सरा! सरा! वाट द्या!"

डोली! गजराला कळा सुरू झालेल्या! चार भावकीतले गडी डोली घेऊन पळतायत, पुढे म्हाळसा!

अलीकडच्या काठावरून युक्तिधर ओरडला, "थांबा! आधी महाराज!"

म्हाळसा थांबली नाही. ती राजाच्या अंगावरच आली. "महाराज, कठड्यावर चढा!"

आणि मंडळी, प्रतापनेरचा प्रथमसेन मुकुट सावरत, एका हातात पदक, एका हातात कठड्याचा खांब, नदीवर लोंबकळला! डोली त्याच्या पोटाला घासून पुढे गेली. ताशेवाल्यांनी पटापट अलीकडचा काठ गाठला, वैदूबाई धावली, आणि राजाचे पाय पुन्हा फळीवर टेकायच्या आत अलीकडे तान्ह्या पोरीचा टाहो ऐकू आला! जिवंत! आई पण सुखरूप! बोला पुंडलिक वरदे —!

राजाला त्याचा पहिला नंबर मिळाला बरं का. राजवाड्यात टांगलाय. आता पुढच्या स्पर्धेत मेघनगरनं नवा हिशोब काढला असेल, तो काही आपल्याला नको.

मग देश कशावरून मोठा? तिसऱ्या आलेल्या, सातव्या आलेल्या, धाप लागून मधेच बसलेल्या पोरीसाठी त्या देशानं काय केलं, तेवढं बघा. बाकी बेरीज-भागाकार युक्तिधरांना करू द्या!

आता शेवटचं. हा एवढा सुंदर मंडप कुठे उभा आहे? शाळेच्या मैदानावर! मागच्या सप्ताहातले खांबांचे खड्डे अजून तसेच उघडे. बाई सांगत होत्या, त्यातल्या एका खड्ड्यात शाळेच्या मुलीचा पाय गेला. जिल्ह्याच्या शर्यतीत तिचं नाव लागलेलं. गेलीच नाही ती. पाय बांधून घरी बसली. नाव नाही घेत मी तिचं. तिचे आजोबा इथे पहिल्या रांगेत बसलेत, मंडपाची मोठी वर्गणी त्यांचीच आहे.

परवा खांब निघतील. आरती थांबू द्या जरा. मला हात वर दिसू द्यात — परवा सकाळी घमेलं-फावडं घेऊन या मैदानात कोण कोण येणार?

अंहं. आजोबा, आधी तुमचा.