नितळ पाण्यातला फायटर

हं, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, सूर नुसता धरून ठेवा. मंडळी, ऐका! आज देवीसमोर एकच प्रश्न घेऊन उभा आहे — आपल्या माणसासाठी किती करावं? किती केलं म्हणजे पुरे? तुम्ही म्हणाल, बुवा, हा काय प्रश्न झाला! करावं तेवढं थोडंच! त्या पुढच्या आजी मान डोलवतायत बघा. आजी, आधी सुनेला विचारा, मग डोलवा!

हसा, हसून घ्या. पुढं हसू यायचं नाही.

एका गावात श्रीनिवासपंत घारपुरे म्हणून गृहस्थ. नगरपालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले. नळाला गढूळ पाणी आलं की सारं गाव यांच्या नावानं शंख करायचं! त्यामुळे नितळ पाणी म्हणजे पंतांचा जीव की प्राण. बायको इंदुमतीबाई. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला — वाचा गेली, हातपाय गेले. उरलं काय? मान आणि डोळे! पंतांनी कंबर कसली. आंघोळ, औषध, मऊ भात, सगळं स्वतःच्या हातानं. बाई ठेवा म्हटलं की अंगावर यायचे.

पण इंदुमतीबाई नुसत्या छताकडे बघत पडायच्या. मग पंतांनी पलंगासमोर काचेची टाकी आणून ठेवली. तिच्यात एकच मासा — लालभडक, लांब परांचा. बाजारात त्याला फायटर म्हणतात. आणि काय सांगू मंडळी! मासा डावीकडे गेला, बाईंचे डोळे डावीकडे! मासा वर आला, डोळे वर! पंत मोरीत जाऊन रडले हो. आता हा मासा जगलाच पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं.

दुकानदार अन्वरभाई म्हणाला, "काका, एकटा मासा, पाणी बेताचं. हा लहान फिल्टर पुरे. मोठ्याचा झोत जोराचा, या माशाला तो सोसत नाही."

"आणि कमी पडला तर?"

"नाही पडत, काका."

"अहो, पण पडला तर?"

घेतला! दुकानातला सगळ्यात मोठा फिल्टर घेतला! काय चुकलं हो? तुम्ही काय केलं असतंत? घरात दुखणं आलं की आपणही असंच करतो ना — एक गोळी सांगितली तर दोन देतो!

पाणी असं नितळ झालं, की शेजारीण म्हणाली, "अगंबाई, टाकीत पाणी आहे की नाही तेच कळेना!" पंत फुलले. आणि मासा? तो पुढं जायला बघायचा, पाण्याचा झोत त्याला मागं भिरकावायचा. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. शेवटी बिचारा कोपऱ्यात काचेला चिकटून राहिला. पर फाटले. पंत म्हणाले, "अजून घाण राहतेय वाटतं!" — आणि दुसरा फिल्टर लावला!

इंदुमतीबाई कण्हायच्या, "अं... अं..." पंत धावत यायचे. "पाणी हवं? उशी वर करू? पंखा लावू?" पाणी पाजलं, उशी वर केली, पंखा लावला — आणि गेले पेज गरम करायला! अहो, ती बघतेय कुठं, ते तरी बघा! पण नाही. कामं पडली होती ना!

नवरात्र आलं. पंतांनी घर धुऊन काढलं, मग दोन्ही फिल्टर उघडले. आतल्या स्पंजांवर तपकिरी, चिकट थर. अन्वरभाईनं बजावलं होतं, "तो थर काढू नका काका, त्यातले बारीक जीव माशाची घाण खातात. टाकीच्याच पाण्यात नुसता हलवून घ्या." पंत म्हणाले, "देवीचे घट बसायच्या घरात हा गाळ?" दोन्ही स्पंज कढत पाण्यानं धुतले. पांढरेशुभ्र केले!

पाणी तसंच नितळ. पण आता माशाची घाण खाणारं कोणी उरलं नव्हतं. तिचंच विष झालं, आणि विष काही डोळ्यांना दिसत नाही.

घट बसले त्या सकाळी पंत सोवळ्यात, देवघरात. इकडे मासा तळाशी आडवा. उठायचा, वर येऊन हवेचा घोट घ्यायला बघायचा, झोत त्याला खाली दाबायचा. इंदुमतीबाई सगळी ताकद लावून ओरडत होत्या, "अं! अं! अं!"

"आलो गं! माळ तेवढी बांधतो!"

माळ बांधून झाली. पंत आले. दोन्ही फिल्टर जोरात सुरू होते, आणि मेलेला मासा त्या झोतात गोल गोल फिरत होता. पंतांनी पहिल्यांदा बायकोच्या तोंडाकडे नीट पाहिलं. उशी भिजली होती. पंत पलंगाशी बसले. "इंदू... तू इतके दिवस हेच सांगत होतीस? हे बंद कर म्हणून?"

मंडळी, त्या बाईला मान तेवढी वळवता येत होती. ती तिनं भिंतीकडे वळवली. पंतांनी हाका मारल्या, पाय धरले, दुसरा मासा आणतो म्हणाले. मान काही इकडे वळली नाही.

पुढं काय, विचारू नका. पुढं काही नाही. पंत अजून भात भरवतात, ती भिंतीकडे बघत गिळते.

आता सांगा, तुमच्या घरी कोण आहे असं? ज्याच्यासाठी तुम्ही मरमर मरता, आणि ज्याच्या तोंडाकडे बघायला तुम्हाला सवड नाही? गजर आज माझ्यानं व्हायचा नाही. नाव घ्यायचं ते मनात घ्या. आरतीलाही थांबू नका, आई रागवायची नाही. उठा, घरी जा. आणि काही करू नका हो — नुसते समोर बसा.