ढब्बू नाही म्हणाला होता

आणि मी विचारलं नव्हतं असं नाही हं! कुणी काही बोलायच्या आत आधीच सांगते, मी विचारलं होतं त्याला. रोज! बाळ कडेवर, हातात दुधाची बाटली, खांद्यावर ओला लंगोट, अशा अवतारात बाल्कनीचं दार ढकलून मी आमच्या कुत्र्याला विचारायचे, "ढब्बू, रागावलास का रे माझ्यावर?" आणि तो मान हलवायचा. फडफड फडफड, दोन्ही लोंबते कान गालांवर आपटेपर्यंत. नाही. साफ नाही! याहून स्पष्ट उत्तर माणसं तरी देतात का हो? आमच्या घरातलं माणूस तर "काही नाही झालं" म्हणतं आणि दोन दिवस तोंड फिरवून बसतं!

तुम्हाला सांगते, बाळ व्हायच्या आधी ढब्बू आमचा थोरला होता. थोरलाच! पलंगावर मधोमध तो, आणि आम्ही दोघं दोन कडांना लोंबकळत. एकदा शिंकला तर मी ऑफिसात रजा टाकली होती, मुलाला बरं नाही म्हणून. साहेब म्हणाले, "अहो, पण तुम्हाला मूल कधी झालं?" … मग खरंच झालं. आणि बघता बघता आमच्या थोरल्याचा परत कुत्रा झाला. केस गळतात, उतर पलंगावरून. चाटतो, नीघ खोलीबाहेर. भुंकतो, बाळ दचकतं, जा बाल्कनीत! कुणी केलं हे सगळं? मीच. नवरा बिचारा एकदा म्हणाला, "अगं, त्याला वाईट वाटत असेल." म्हटलं, "मग विचारूया की!" त्याच्यादेखत विचारलं. फडफड फडफड. "बघ! नाही म्हणतोय." खुद्द कुत्र्यानेच साक्ष दिल्यावर नवरा तरी काय बोलणार?

मग काय, भीडच चेपली माझी. "ढब्बू, आज फिरायला जायचंय का?" फडफड. "एकटं वाटतं का रे इथे?" फडफड. आता तुमच्यापासून काय लपवायचं, प्रश्नसुद्धा मी असेच निवडून काढायचे की 'नाही' सोयीचं पडावं. "आज नाही नेलं तर चालेल ना?" असं चुकूनही विचारलं नाही! वकीलच व्हायला हवं होतं मी. पण विचारलं होतं ना? विचारलं होतं!

गेल्या महिन्यात बाळ रांगत रांगत ढब्बूपाशी गेलं आणि त्याचा डावा कान धरून ओढला. ढब्बू असा कळवळला… चावला नाही हो. गुरगुरलासुद्धा नाही. नुसता उठला, बाल्कनीत गेला आणि नाकाने दार लोटून घेतलं. आतून. म्हणजे बाहेरून. म्हणजे… तिकडून.

उचलला आणि नेला दवाखान्यात. डॉक्टरीण माझ्याहून लहान. म्हणाली, "फाइल?" मी ऐटीत दिली. तिने उघडली आणि मोठ्याने वाचायला लागली, "दोन दात आले. पालथं पडलं. शी पातळ, पण रंग चांगला… ही याची फाइल?" बाकावर मांजराची टोपली घेऊन बसलेल्या आजी फिसकन हसल्या. बाळाची फाइल होती! दोन्ही निळ्याच, काय करणार! बाळाची शिंकन् शिंक वेळेसकट लिहिलेली. ढब्बूच्या फाइलचा फोटो नवऱ्याने घरून पाठवला. शेवटची नोंद माझ्या बाळंतपणाच्या आधीच्या आठवड्यातली. माझ्याच अक्षरात, "आज एकदा शिंकला. लक्ष ठेवणे." पुढची पानं कोरी. अकरा महिने.

तिने कान उचलून आत बघितलं. तो वास… जाऊ दे. म्हणाली, "मान कधीपासून हलवतोय?"

आणि मी, काय सांगू, हसत हसत म्हणाले, "अय्या, ते होय? तो ना, 'नाही' म्हणतो!"

ती हसली नाही. आजीही हसल्या नाहीत.

"ताई, दोन्ही कान दुखतायत त्याचे, डावा जास्त. निदान सात-आठ महिने तरी. कान दुखला की कुत्री अशी मान झटकतात. कुणी बघितलं नाही घरात?"

विचारलं होतं मी त्याला! अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. आठ महिने तो मला सांगत होता, दुखतंय, दुखतंय, आणि मी आपली त्याची माफी घेऊन आत येत होते, रोज!

आता दिवसातून दोनदा कानात थेंब घालते. मांडीवर डोकं ठेवून निमूट घालून घेतो, त्याचीच लाज वाटते जास्त. एकदा तरी गुरगुर की रे! पलंगावर परत आलाय, मधोमध. उजवा कान बरा झाला. डाव्याने कमी ऐकू येणार, डॉक्टरीण म्हणाली, कायमचं. थोडं आधी आणायला हवं होतं म्हणाली.

मान झटकायचा पूर्ण थांबलाय. काल धीर करून विचारलं, "ढब्बू, रागावलास का रे माझ्यावर?" हलला नाही. कान नाही, मान नाही. नुसता बघत राहिला माझ्याकडे.

विचारते अजूनही, रोज विचारते. पण हल्ली डाव्या कानाशी विचारते… उत्तर नाही आलं, तर म्हणता तरी येतं, ऐकू नसेल गेलं!