नोलाचा विक्रम

ऑस्ट्रेलियातल्या इनिसफेल गावच्या बोलिंग क्लबात शनिवारी जुन्या वस्तू फुकट दुरुस्त करून मिळत. डेस्मंड रेडिओ घेऊन बसला होता. बायको, रूथ, गेल्यापासून घरात बोलणारा तेवढाच होता, आणि आता तोही गप्प झाला होता. शेजारी एक म्हातारं जोडपं होतं, दोघांच्या मध्ये जुना कम्प्युटर.

"पंखा फिरतो, पण पडदा काळाच. आत पाल शिरली असणार, नोला."

"हेअर ड्रायर मारलास?"

"मारला. पावसाळी हवेत गरम केल्याशिवाय तो उठतो कुठे? तुझ्यासारखाच आहे."

"मला चहा लागतो, क्लॅरी, गरम वारा नाही."

"नवा घेऊ या की."

"म्हणजे यातल्या पत्त्यांच्या खेळातला माझा विक्रम पुसला जाईल. इतकी वर्षं झटतोयस, तुला काही तो मोडता आला नाही."

"या महिन्यात मोडणारच होतो."

"म्हणून पाल सोडलीस होय आत?"

"पाल माझं ऐकते का? त्या घरात माझं कोण ऐकतं?"

डेस्मंडचा नंबर आला. "आधी यांचं बघा," तो म्हणाला, आणि त्यानं आपली खुर्ची टेबलाजवळ ओढली.

दुरुस्तीवाल्या बाईनं झाकण उघडलं. मेमरीची पट्टी काढून पुसली आणि परत दाबून बसवली. पडदा उजळला.

"पाल कुठाय, क्लॅरी?"

"तुला बघून पळाली असेल."

"आणि हा बघ माझा विक्रम, जागच्या जागी."

"चल घरी. आज मोडतोच."

"मोडलात तर पुढच्या शनिवारी सांगायला या," डेस्मंड म्हणाला. "नाही मोडलात, तरी या."