लॉर्ड पेनवॉर्डन यांची डुलकी

ग्रामपरिषदेच्या अध्यक्ष लॉवेनाबाई हॉकिन, सत्कारमूर्ती लॉर्ड पेनवॉर्डन, लंडनहून मुद्दाम आलेले त्यांच्या पक्षाचे प्रतोद लॉर्ड क्रॅन्शॉ आणि ट्रेमॉरच्या गावकऱ्यांनो,

मी याच गावची. उमरावसभेतली ध्वनियंत्रणा सांभाळते. भाषण हा माझा प्रांत नाही, तेव्हा ठाऊक आहे तेवढंच सांगते.

लॉर्डसाहेब सभागृहात झोपतात, हे कोणी ऐकलेलं नाही? टीव्हीवर तर साऱ्या देशाने पाहिलंय. मान कलती, डोळे मिटलेले. मात्र तिथल्या बाकांच्या पाठीत कानाच्या उंचीवर स्पीकर बसवलेले आहेत. त्याला कान लावला की माणूस झोपल्यासारखाच दिसतो.

गेल्या वर्षी सरकारने एका विधेयकात दुरुस्ती आणली: लहान होड्यांचं अनुदान बंद. म्हणजे आपली होडी बंद. शाळा, दवाखाना, सगळ्यासाठी खाडीला लांबलचक वळसा. लॉर्डसाहेबांना पक्षाची ताकीद होती, 'बाजूने' मत द्या, नाहीतर पक्षाबाहेर व्हा. आमच्याकडे मत चालत जाऊन देतात. बाजूचं दार वेगळं, विरोधाचं वेगळं. घंटा वाजली, साहेब दचकून उठले आणि विरोधाच्या दारात शिरले. मतं समसमान पडली. आणि नियमाने समसमान म्हणजे दुरुस्ती बारगळली.

प्रतोद साहेबांकडे धावत आले. तेव्हा मी तिथेच वायर तपासत होते.

"अहो ऑगस्टस, आपलं दार समोरचं!"

"असं होय? डोळा लागला होता हो."

"मग कळल्यावर माघारी फिरायचं!"

"फिरणार होतो. पण दारं लावून घेतली होती ना!"

"या वयात घरी झोपावं माणसाने!" असं म्हणून प्रतोदांनी, मोठ्या मनाने, त्यांना माफ केलं.

नंतर मी साहेबांना विचारलं, "सर, बाकातला स्पीकर नीट चालत होता?"

"उत्तम! मंत्र्यांचं पोट गुरगुरलं तेही ऐकलं." मग हळूच म्हणाले, "पोरी, पक्षाला माझी झोप परवडते. माझं मत परवडलं नसतं."

साहेबांची निवृत्ती कालपासून लागू झाली, म्हणून मी हे आज बोलले. केशरी पाव भाजणाऱ्या बायकांचे आणि पाहुण्यांना पलीकडून आणणाऱ्या नावाड्यांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला.

आणि लॉर्डसाहेब, डोळे अजून थोडा वेळ मिटलेलेच ठेवा. प्रतोद तुमच्याकडेच बघताहेत.