ही बाई कोणाची?

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्यानं बोला, इथं दुकानात गलका आहे…

थांबा, थांबा. तुमच्या मागे कोण हाक मारतंय?… ती, आत्ताची… हाऽऽऽ हुर्र…

अगं संजे, तू होय! हो, दीपमालाच बोलतेय… काही नाही गं, ती हाक ऐकली आणि एकदम बाजरीचं रान दिसलं बघ. तू पाळण्यात होतीस तेव्हाची गोष्ट. आई माळ्यावर उभी, हातात गोफण, आणि तिच्या तोंडून ती हाक सुटली की अख्खं रान पाखरं होऊन वर उठायचं. मी खाली कणसांच्या सावलीत बसायचे. हाक माझ्या डोक्यावरून जायची, पांघरूण घातल्यासारखी…

आईच का ती? एसटीडीच्या दारात? आता कुठलं पाखरू?… शेळी? बूथवाल्याच्या रजिस्टरात तोंड घातलं शेळीनं? हा हा… हाक म्हणावं, जोरात हाक…

हो, आमच्या कोच सरांच्या सायकलच्या दुकानातच आहे. सगळा संघ इथंच बसलाय, चाकांमध्ये, ट्यूबांमध्ये. उद्याचे शर्ट वाटतायत खंडेराव सर… माझा हिरवा. गोलकीपरचा वेगळा असतो, किती वेळा सांगायचं तुला?… नाही, झेंडू-बिंडू काढलेला नाही त्याच्यावर.

हो, उद्याच. आमची फायनल सकाळी, त्यांची दुपारी… त्यांची म्हणजे ब्राझील-जर्मनीची!

हं, बोल, बोल. तुझ्या रोनाल्डोचं काय झालं म्हणे? जावळ काढता काढता न्हावी उठून गेला का? सगळं डोकं भादरलं आणि पुढं तेवढंच झुडूप… फॅशन? अगं बांध साफ करताना एखादा गवताचा ठोंब राहून जातो ना, तसा दिसतोय तो!… बरं बाई, गोल मारतो. मारतो. पण उद्या समोर ऑलिव्हर कान आहे. अख्ख्या वर्ल्डकपमध्ये एकच गोल खाल्लाय त्यानं, एकच… त्याच्या हातून चेंडू सुटणं म्हणजे आईच्या हातून विळा सुटणं. बघितलंय कधी?… मग!

आई काय म्हणते?… तिला ब्राझीलच? का गं?… मिशीसाठी! त्यांच्या कोचला मिशी आहे म्हणून!… 'माझा बाप बांधावरून असाच हातवारे करायचा, बैल वाकडा चालला की'… हा हा… आणि कोरियाचा कोच? मूठ हवेत मारतो तो?… 'त्याच्या सदऱ्यात मुंगळा शिरलाय'… संजे, हसवू नकोस, सर बघतायत माझ्याकडे… आणि तो पंच, उद्याचा? टकला, डोळे वटारतो तो… 'त्याला आपल्या वावरात उभा करा, बुजगावणं नको'… देवा! आईला टीव्हीवर बोलायला बसवलं पाहिजे खरंच.

रिव्हाल्डोचं नाव काढू नकोस माझ्यापुढं. तुर्कस्तानच्या मॅचला चेंडू लागला पायाला आणि हा गडी तोंड धरून लोळतोय! जसा काही दात पडला. समोरच्या बिचाऱ्याला लाल कार्ड… दंड झाला ना पण त्याला? व्हायलाच पाहिजे… 'जिंकले ना'? जिंकले म्हणून काय झालं? सगळ्यांच्या देखत खोटं वागायचं, पंच बघतोय, जग बघतंय, आणि आपण आपलं तोंड धरून…

…

नाही, काही नाही.

बरं, फोन कशाला केलास ते सांग. मीटर पळत असेल तिकडं… आई येत नाही म्हणते? उद्या?… झेंडूची रोपं लावायचीत… बरं. मग नको येऊ दे… अगं नाही तसं नाही, मैदानावर चिखल आहे. तिचे गुडघे… ऊन पण… हो, ढग आलेत, मला माहितीये ढग आलेत.

तू समजावून बघ, असं मी कशाला म्हणू? तिला यायचं नाही तर…

मागच्या रविवारी?… काय सांगितलं तिनं?… पोचलीच नाही?… पंचवटीत भाजी उशिरा खपली, मग मैदानापर्यंत पोचलीच नाही. असं म्हणाली?… सगळ्यांना?

…

आहे. आहे फोनवर. ऐकतेय.

कसला डबा?… हो, धपाट्यांचा… घाटावर कुणाला तरी देऊन टाकला म्हणाली?… असं म्हणाली का ती…

काय गं रूपाली?… घरून आहे फोन, बहिणीचा आहे… काय? हो ना. हो… हा हा… आणू की तिला उद्या पण.

नाही संजे, तुला नाही. ही रूपाली, आमची फॉरवर्ड… कोणाला आणणार? कोणाला नाही गं. यांचं आपलं काहीतरी चाललेलं असतं…

ऐकू आलं तुला?… नाही, आई नाही ओरडली आता. आमच्याकडे ओरडलं कुणीतरी. रूपालीच. नक्कल करतेय… हो. आईसारखंच आहे ते… आईचंच आहे, संजे.

थांब. तारेला ताण देऊन जरा मागं जाते, टायरांच्या पलीकडं… हं. हळू बोलते, कान लावून ऐक. आणि मध्ये काही बोलू नकोस, नाहीतर माझ्यानं होणार नाही.

आई आली होती… हो. मैदानावर. डबा माझ्याकडे आहे.

एक-शून्यनं पुढं होतो आम्ही. अगदी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. मी जाळ्यापुढं उभी. ती मुलगी धावत आली आणि माझ्या पाठीमागून हाक आली. हाऽऽऽ हुर्र… हो, तीच. मला वळून बघावं लागलं नाही. त्या मुलीचा पाय बिचकला, चेंडू गेला पार बाभळीत… मग काय! समोरच्या संघाच्या बाई रेषेवर नाचायला लागल्या, आमचे सर त्यांच्यावर धावले, 'पाखरू ओरडलं तरी पेनल्टी परत का?' पंच शिट्टी फुंकत आला तो सरळ आईपाशी. डोक्यावर भाजीची रिकामी पाटी तिच्या. पदर खोचलेला. हातात डबा.

पंच म्हणाला, 'ही बाई कोणाची? तुमच्या संघाची असेल तर पेनल्टी पुन्हा मारायला देणार.'

…

मी?… मी हातमोजे बांधत होते.

बांधलेलेच होते गं. सोडून पुन्हा बांधत होते.

मग आईच बोलली. 'कोनाची नाय बाबा. वाटंनं चालले व्हते, पाखरू उतरलं असं वाटलं, हाकलं.' असं म्हणाली… माझ्याकडे बघितलं पण नाही. एकदा बघितलं असतं तरी… पंचानं तिला बाहेर काढलं. ती गेली. मॅच संपल्यावर चेंडू आणायला जाळ्यामागं गेले, तर गवतात डबा. कोमट होता अजून.

हो, पेनल्टी परत दिली असती तर मॅच गेली असती कदाचित. मीही स्वतःला हेच सांगते, सहा दिवस झाले. संघासाठी गप्प बसले म्हणते. पण जिंकल्यावर तर सांगता आलं असतं ना? सर म्हणाले, 'अरे कोण होती ती, देवासारखी आली!' तेव्हा मी काय केलं माहितीये? हसले. सगळ्यांबरोबर हसले. यांच्या आया येतात ना, खुर्च्या टाकून बसतात, पर्स मांडीवर. छान छान, कम ऑन, म्हणतात. मला आईची हाक आवडते गं संजे, लहानपणापासून… पण त्या दिवशी मला तिची पाटी दिसली. पाटीच दिसली फक्त. पेनल्टी-बिनल्टी सगळं नंतरचं.

… आणि वर रिव्हाल्डोला नावं ठेवतेय मी.

बोल ना. शिव्या दे… संजे?

कुणाला देतेस फोन? नको. नको, आत्ता नको, संजे, अगं ऐक ना, मी उद्या करते, संजे—

हॅलो?

… आई.

हां… जेवले… नाय, रडत नाय. घसा बसलाय… मिठाच्या गुळण्या, हो करते… डबा हाय माझ्याकडं. धुऊन ठेवलाय… खाल्ले की. समदे खाल्ले… नाय, कुणाला नाय दिले. खोलीवर जाऊन एकटीनंच खाल्ले.

नखं काढलीत… हो, हातमोज्यात टोचत्यात म्हणून काढलीत… आई, ऐक ना…

ऐक ना गं, तू घरी खोटं का सांगितलंस?… 'लेकीचं झाकायचं नाय तर काय शेजारणीचं झाकायचं'… असं नको ना बोलूस. रागव की. मी तुझी कोण हाय का नाय? मग रागव… 'रागवायला फोनचं बिल कोण भरतंय'… आई!

काय?… ओवी? आत्ता? तिथं बूथवर, लोकं हायेत ना?… असू देत, म्हण. ऐकते.

…

पुन्हा म्हण. हळू.

'जाळ्यापुढं उभी लेक, तिचे हात लई लांब,
आल्या चेंडूला सांगते, बाई, दारामंदी थांब'…

हं… अजून एक आहे?…

'मुखानं ना बोले लेक, तिच्या पाठीला कळालं,
माझ्या हाकेचं पाखरू तिच्या खांद्याशी निवालं'…

…

दिसलं होय तुला? माझी पाठ… मला वाटलं तुला नाय दिसलं.

कधी जोडलीस?… परत जाताना. कुठल्या रस्त्यानं?… चालत? पंचवटीपर्यंत चालत गेलीस?… 'ओवी चालल्याशिवाय सुचत नाय'… हो. जात्यावर नाय तर रस्त्यावर. हो गं.

आई, उद्या ये… रोपं ऱ्हाऊ दे. सोमवारी मी रजा टाकून येते, आपण दोघी लावू. तू ये… पाटी घेऊनच ये. बाजारातून सरळ ये… नाय, बाभळीमागं नाय उभं राहायचं. रेषेपाशी ये, आमच्या बाकड्यापाशी. आणि पेनल्टीच्या वेळी तेवढं तोंडाला पदर लाव, बाकी काय बोलायचं ते बोल. त्या मिशीवाल्यासारखे हातवारे कर…

सरांना नाय सांगायचं? का?… पंचाला कळलं तर ती पेनल्टी परत घेतील?… इतक्या दिवसांनी कोण घेतंय… आणि घेतली तर घेतली. घेऊ दे की.

मी अडवीन.

नको, ठेवू नकोस. त्याला म्हण, अजून एक मिनिट. एकच… आई, तू काही बोलू नको आता. मी रिसीव्हर असा बाहेर धरते, लांब. तू नुसती ऐक. येतंय ऐकू?… हां.

रूपाली, बस कर ती नक्कल. नाही, रागावले नाहीये. थांब जरा… सर. सर, तो पंप खाली ठेवा ना एक मिनिट. मागच्या रविवारी पंचांनी विचारलं होतं, ही बाई कोणाची म्हणून. आपल्यापैकी कुणीच बोललं नाही…

माझी, सर. ती बाई माझी. आई आहे ती माझी.