मका-मेक्सिको हॉटेलातली चूलबंद पंगत

जबाब

मी, गेनू बाजी ढेबे, वय २३ वर्षे, धंदा मिळेल ते काम, शिक्षण नववी पास, दहावीला बसलो नाही, राहणार विंझरच्या वरचा धनगरवाडा, ता. वेल्हे, जि. पुणे.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी माझी आत्या ठकुबाई हिच्याकडे राहतो. राहतो म्हणजे अधूनमधून. मी हिंजवडीला होतो, गोव्याला होतो, गुजरातेत टेम्पोवर होतो. तिथं एक सरदारजी होता, तो गाडी चालवताना... (विषयाला धरून बोलण्याची समज देण्यात आली.) आईवडील मी लहान असताना वारले. मला आत्यानं वाढवलं. तिच्याकडं म्हशी व शेरडं आहेत.

तक्रारदार पप्पू सावळाराम लिम्हण, रा. विंझर, याला मी लहानपणापासून ओळखतो. आमची म्हैस व्याली की तो खरवस खायला वाड्यावर यायचा व आत्याच्या ताटातच जेवायला बसायचा. त्यानं यंदा कापूरहोळला हमरस्त्याला 'मका-मेक्सिको' हे हॉटेल काढलं. मेक्सिको देशाचं खाणं, पण वडापाव खाणाऱ्यालाही परवडेल असं. राजगड-तोरण्याला जाणारी कॉलेजची पोरं तिथं थांबतात. टाको म्हणजे मक्याची भाकरी दुमडून कडक तळलेली, आत राजमा, कांदा व टोमॅटोची आंबट चटणी. खायला बरं आहे. ते मी नाकारत नाही.

दिवाळीनंतर भोरच्या दवाखान्यात आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. परत येताना कापूरहोळला एस.टी. बदलायची होती. आत्या म्हणाली, "पप्याचं हाटेल हितंच ना रं? चल, बघू तरी पोरानं काय केलंय." तिच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. दुपारचा सुमार होता. मी दोन प्लेट टाको सांगितले. आत्या म्हणाली, "गेन्या, भाकर मोडकी दिली की रं. आन वाळल्याली." मी म्हणालो, अशीच असती. ती म्हणाली, "मंग त्या देशात दात लई घट असत्याल." शेजारची पोरं हसली. आत्याही हसली. तोपर्यंत सर्व ठीक होतं.

आत्याला दात कमी आहेत. तिनं फडक्यातली नाचणीची भाकरी काढली व राजम्यात कुस्करायला घेतली. तेवढ्यात पप्पू गल्ल्यावरून उठून आला. म्हणाला, "ओ आजी, बाहेरचं खाणं हितं चालत न्हाई. पाटी वाचा." आत्याला वाचता येत नाही हे त्याला माहीत आहे. आत्या म्हणाली, "आरं पप्या, म्या ठकुआत्या." तो म्हणाला, "कोण पप्या? म्हशीचा वास घेऊन येता, गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावतंय." असं म्हणून त्यानं तिच्या ताटातली भाकरी उचलली व दाराशी बसलेल्या कुत्र्यापुढं टाकली. एक पोरगा मोबाईलवर शूटिंग काढत होता. कुत्र्यानं भाकरी हुंगली, खाल्ली नाही. त्याला चीजची सवय आहे. आत्या उठली. तिनं भाकरी उचलून कपाळाला लावली, पदरानं पुसली, परत फडक्यात बांधली. मग एस.टी. आली. नसरापूरच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं, त्यामुळं उशीर झाला.

डोळा पुन्हा दाखवायला भोरला बोलावलं होतं. रस्ता कापूरहोळवरूनच जातो. आत्या गेली नाही. पट्टी मी घरीच काढली.

सदर गुन्ह्याबाबत विचारल्यावरून सांगतो की, पप्पूच्या हॉटेलातल्या जेवणाचं खोटं आवतण मीच दिलं. शुद्धीवर असताना व विचार करून दिलं. मला कोणी शिकवलं नाही. पप्पूनं हॉटेल काढून गावजेवण घातलं नाही अशी बोलणी आधीपासून होतीच. मी धुतलेली टोपी घातली, अक्षता व सुपाऱ्या घेतल्या आणि मोटारसायकलवर आमच्या भागातल्या वस्त्या फिरलो. प्रत्येक उंबऱ्यावर अक्षता ठेवून म्हणालो, "सावळातात्यांचं चूलबंद आवतण. रविवारी दुपारी, पप्पूच्या हाटेलात." सावळातात्या म्हणजे पप्पूचे वडील. चूलबंद म्हणजे घरातलं कोणी मागं राहायचं नाही व त्या दिवशी चूल पेटवायची नाही. असलं आवतण कोणी खोटं देत नाही, म्हणून कोणी फोन करून विचारलं नाही. वाड्यावरचे कोंडिबा एवढंच म्हणाले, "काय घालणार हाय रं?" मी म्हणालो, मेक्सिकोचं. ते म्हणाले, "तिखाट असतंय का?" मी म्हणालो, ते पप्पूला इचारा.

एका वस्तीवर एक शेरडू खांबाला अडकलं होतं, ते सोडवण्यात वेळ गेला. (पुन्हा समज देण्यात आली.)

रविवारी लोक दुधाच्या टेम्पोतून, एस.टी.नं, मिळेल त्या गाडीनं आले. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, सगळी. हॉटेलासमोरच्या हिरवळीवर त्यांनी पंगती धरल्या. पप्पू धावत बाहेर आला. "कुणी बोलावलं तुमाला?" कोंडिबा म्हणाले, "तूच की. अक्षता आल्यात घरला." पप्पूनं शिव्या दिल्या व वडिलांना फोन केला. तात्या आले. पप्पू म्हणाला, "तात्या, म्या न्हाई बोलावलं. हाकला यांना." तात्यांनी पंगतीवरून नजर फिरवली. पायातल्या वहाणा काढल्या, हात जोडले व म्हणाले, "या मंडळी. जरा उशीर झाला, माफी असावी." मग पप्पूजवळ जाऊन हळू बोलले, पण मी शेजारीच बसलो होतो, ते असं: "लोकांच्या चुली बंद हाईत, भाड्या. बादली उचल."

पप्पूनं बादली उचलली. वाढताना वाकावं लागतं. तो प्रत्येकापुढं वाकला. कोंडिबा म्हणाले, "हात आखडू नगं, पप्पूशेठ. आग्रव कर की जरा, वाढ अजून." मी भूक नसताना त्याला पुन्हा पुन्हा बोलावलं. राजमा संपला, टाको संपले, मागची पंगत अर्धपोटी राहिली. पप्पूच्या पांढऱ्या शर्टावर लाल चटणी होती. मला बरं वाटलं, हे लिहून घ्यावं.

आत्याला मी आवतण दिलं नव्हतं. तिच्या उंबऱ्यावर अक्षता ठेवून खोटं बोलणं जमलं नाही. त्यावरूनच आवतण खोटं आहे हे तिला कळलं असावं. त्या सकाळी साऱ्या वाड्यावर तिची एकटीची चूल पेटली होती असं कोंडिबा सांगतात. ती शेवटच्या टेम्पोतून आली. डोक्यावर दुरडी, दुरडीत नाचणीच्या भाकरी. पाटीखालून ती आत आली. तिला कोणी अडवलं नाही. मागच्या पंगतीला तिनं भाकरी वाढल्या. मला वाटलं, ही म्हातारी पप्पूची अब्रू झाकायला आली. मला राग आला होता.

सगळे उठल्यावर यजमानानं बसायची रीत आहे. तात्यांनी पप्पूला बसवलं. पानात वाढायला काही उरलं नव्हतं. आत्या दुरडी घेऊन त्याच्यापुढं गेली, एक भाकरी ठेवली व उभी राहिली. म्हणाली, "बाहेरचं हाय. चालंल का, मालक?"

कॉलेजच्या एका पोरानं मोबाईल वर केला, तात्यांनी त्याचा हात खाली केला. ते तात्यांनी करायला नको होतं. पप्पूनं भाकरी मोडली. कोरडीच खाल्ली. शेवटचा घास गिळेपर्यंत आत्या हलली नाही. त्यानं पाणी मागितलं. तांब्या तिच्या हाताजवळ होता. तिनं दिला नाही.

पंचनाम्यात मोडलेल्या खुर्च्या व तुडवलेली हिरवळ लिहिली आहे, ते बरोबर आहे. गायब झालेली पाटी मी नेली. ती सध्या आमच्या गोठ्याला लावली आहे. म्हशींना फरक पडलेला नाही. कुत्र्यापुढं टाकलेली भाकरी मात्र पंचनाम्यात नाही. ती लिहावी, ही माझी मागणी आहे.

आत्यानं हॉटेलात येऊन माफी मागितली तर तक्रार मागं घेऊ, असं पप्पूनं कळवलं आहे. मला ते मान्य नाही. जी शिक्षा असेल ती मला करावी. आत्याला इथं बोलवू नये. तिनं पुढच्या सोमवारी भोरला डोळा दाखवायला जायचं ठरवलं आहे. कापूरहोळला उतरून, गाडी बदलून.

आज ठाण्यात येताना तिनं फडक्यात भाकरी बांधून दिली. दुपार टळल्यावर मी हवालदार साहेबांना विचारलं, साहेब, बाहेरचं चालतं का इथं? साहेबांनी टेबलावरचे कागद बाजूला सारले व म्हणाले, बस, खाऊन घे. नंतर जबाब पुढं सुरू झाला.

हा जबाब मला मराठीत मोठ्यानं वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. भाकरीचा मजकूर दोन वेळा वाचून घेतला, तो बरोबर आहे, म्हणून सही करतो.

समक्ष                                        सही
                                          गेनू बाजी ढेबे